फाउंटन पेनच्या टोपणाची क्लिप सैल झाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपास फाउंटन पेन रोज वापरणाऱ्यांना क्लिपबद्दल हमखास पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. क्लिप सैल झाली की पहिला हात गोंदाच्या ट्यूबकडे जातो. पण बहुतेक क्लिपा गोंद सुटला म्हणून सैल होत नाहीत, त्यांना दाबून धरणारा भाग दाबायचा थांबतो म्हणून होतात. तो का थांबला हे कळेपर्यंत टोपणाला काहीही लावू नका, ही आमची आधीच कळकळीची विनंती.

क्लिप सैल आहे म्हणजे नेमकं काय बिघडलंय, हे कसं ओळखायचं?

टोपण डाव्या हातात धरा आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने क्लिप तीन प्रकारे हलवून बघा. टोपणाभोवती गोल फिरत असेल, तर माथा, म्हणजे टोपणाच्या वरच्या टोकाचा तुकडा, ढिला आहे किंवा क्लिपच्या वरच्या टोकाच्या गोल कड्यावर दाब नाही. नुसती डावी-उजवीकडे डुलत असेल आणि फिरत नसेल, तर क्लिप बहुधा खाचेत बसवलेली आहे आणि खाच रुंद झाली आहे किंवा आतले दात सैल पडले आहेत. जागेवर घट्ट असूनही खिशातून पेन घसरत असेल, तर क्लिपचा ताण गेला आहे. हे तीन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. ताण गेलेल्या क्लिपचा माथा आवळत बसलात तर माथ्याला तडा जाईल आणि पेन खिशातून घसरायचं तसंच घसरत राहील.

माझ्या पेनात क्लिप कशी बसवलेली आहे?

टोपणाचा माथा निरखून बघा. माथा वेगळा तुकडा असेल आणि त्याच्या नि टोपणाच्या मधून क्लिप बाहेर येत असेल, तर ती कड्याची क्लिप. क्लिपच्या वरच्या टोकाला वायसरसारखं गोल कडं असतं. माथ्याच्या खालच्या अंगाला आटे पाडलेली खुंटी असते. ती कड्यातून जाऊन टोपणात फिरते आणि कडं मधे दाबलं जातं. ही रचना जुनी आहे. पार्करच्या जुन्या पेनांच्या अशा क्लिपवर ५ सप्टेंबर १९१६ ही पेटंटची तारीख कोरलेली सापडते. लेथवर कातलेल्या आपल्याकडच्या एबोनाइट, म्हणजे कडक रबराच्या, पेनांतही बहुधा हीच रचना असते, आणि दुरुस्तीला ती सगळ्यांत सोपी.

टोपणाच्या अंगावर उभी किंवा आडवी खाच असून क्लिप तिच्यातून आत गेली असेल, तर ती दातांची क्लिप. तिचे दात आत वाकवलेले असतात आणि आतल्या टोपणामागे, म्हणजे टोपणाच्या पोटात दाबून बसवलेल्या दुसऱ्या छोट्या टोपणामागे, दडलेले असतात. रिव्हेट मारलेल्या क्लिपा फार जुन्या पेनांवर दिसतात. त्यांना घरी हात लावू नये.

टोपण कशापासून बनलंय हे कळणं गरजेचं आहे का?

हो, कारण उष्णता, पाणी आणि स्पिरिट यांपैकी काय चालेल हे त्यावरच ठरतं. कोरडं टोपण अंगठ्याने पंधरा-वीस सेकंद जोरात घासा आणि लगेच नाकाशी धरा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड (जुन्या पद्धतीचं प्लास्टिक), जळक्या रबरासारखा गंधकाचा वास आला तर एबोनाइट, काहीच वास नाही तर बहुधा अ‍ॅक्रिलिक किंवा साधं प्लास्टिक.

सेल्युलॉइड झपाट्याने पेट घेतं, म्हणून त्याच्या जवळपास मेणबत्ती, लायटर किंवा गॅसची ज्योत नकोच. एबोनाइट गरम पाण्यात बुडवलं की काळं टोपण तपकिरी पडतं आणि तो रंग पुन्हा येत नाही. अ‍ॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटने त्यावर बारीक भेगांचं जाळं उठू शकतं, विशेषतः टोपण पारदर्शक असेल तर. अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचा द्रव, या कामात आणूच नका. तो सेल्युलॉइड विरघळवतो आणि अ‍ॅक्रिलिकही खातो.

घरी काय काय लागेल?

सायकलच्या जुन्या ट्यूबचे साधारण ५ × ८ सेंटिमीटरचे दोन तुकडे, हेअर ड्रायर, जुना मऊ टूथब्रश, टॉर्च, ८० जीएसएमचे दोन-चार कोरे कागद, एखादी वापरून झालेली एक्स-रे फिल्म, कात्री आणि थोडी चपडा लाख (लाकडाच्या पॉलिशला वापरतात ती). पकड लागलीच तर फक्त क्लिप वाकवायला, तीही जबड्यांवर कापड गुंडाळून. माथा पकडीने फिरवायचा नाही. दातांचे ओरखडे तर उठतातच, पण गोल माथा दोन बाजूंनी दाबला गेला की लांबट होतो आणि आटे आणखी आवळतात.

माथा उघडायचा कसा?

आधी पेन बाजूला ठेवा आणि टोपणात टॉर्च मारून आतून बघा. तळाशी खाच असलेला स्क्रू दिसला तर तो आतूनच, खाचेत नीट बसणाऱ्या लांब पेचकसाने सोडवायचा. असं काही दिसलं नाही तर माथा बाहेरून फिरतो.

ट्यूबचा एक तुकडा टोपणावर गुंडाळा, दुसरा माथ्यावर. टोपण अलगद धरा, आवळू नका. माथा घड्याळाच्या उलट दिशेने एका दमात न फिरवता हळूहळू जोर वाढवत फिरवा. क्लिपला धरून कधीही जोर लावू नका. क्लिप म्हणजे चार-पाच सेंटिमीटरची तरफ आहे. तिच्या बुडाशी कडं वळतं आणि टोपणाची कड टवका जाऊन फुटते.

माथा सुटला की भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडा आणि मोबाईलवर एक फोटो काढा. बरीच कडी पूर्ण सपाट नसतात, थोडी बशीसारखी असतात. कोणती बाजू वर होती हे फोटोत दिसलं पाहिजे.

माथा जागचा हलत नाही. आता?

बहुतेक वेळा आट्यांत वाळलेली शाई असते किंवा आधी कुणीतरी लावलेली लाख. अ‍ॅक्रिलिकचं टोपण साध्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं तर शाई सुटते. एबोनाइट आणि सेल्युलॉइडला कोरडी ऊब द्या. हेअर ड्रायर १५ सेंटिमीटर लांब धरून, टोपण सतत फिरवत २० ते ३० सेकंद. मग टोपण मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. गरम लागलं पण हात मागे घ्यावासा वाटला नाही, तर बरोबर. चटका बसला तर जास्त झालं, थंड होऊ द्या. लाख साधारण ६५ ते ७५ अंशांना मऊ पडते. सेल्युलॉइडही जवळपास तिथेच मऊ होऊ लागतं, म्हणून त्याला घाई चालत नाही. ऊब, प्रयत्न, पुन्हा ऊब अशा चार-पाच फेऱ्या लागू शकतात. तेवढ्याने नाही सुटलं तर बहुधा कुणीतरी सुपरग्लू घातलाय. तिथे थांबा आणि जाणकाराकडे द्या.

माथा पूर्ण आवळला तरी क्लिप फिरतेच. असं का?

कारण माथा कड्यावर दाब यायच्या आधीच दुसऱ्या कशाला तरी टेकतोय. इथे थोडं मोजमाप करावंच लागतं.

कडं काढून ठेवा आणि नुसता माथा टोपणात फिरवून बसवा. माथा आणि टोपण यांच्यात फट राहते का बघा. फट राहिली तर तिच्यात ८० जीएसएम कागदाच्या पट्ट्या एकावर एक घालून मोजा. असा एक कागद जवळपास ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. पाच पट्ट्या गच्च बसल्या तर फट अर्धा मिलिमीटर. आता कड्याची जाडी बघा. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) असेल तर उत्तम, नाहीतर कड्याशेजारी कागदाची चळत रचून बोट फिरवा. दोन्ही एका पातळीत आले की कागद मोजा. फट कड्याच्या जाडीएवढी किंवा जास्त असेल, तर कडं कधीच दाबलं जाणार नाही. खुंटी भोकाच्या तळाला टेकतेय किंवा आटे माथ्याच्या बुडापर्यंत पाडलेले नाहीत. आधी भोकाचा तळ ब्रशने साफ करा. तिथे वाळलेल्या शाईचा किंवा जुन्या गोंदाचा थर साचला असेल तर तो निघाल्याबरोबर माथा पुरता खाली बसतो आणि काम संपतं.

दुसरी शक्यता फसवी आहे. कडं नसताना फट अजिबात राहत नाही, तरी क्लिप फिरते. अशा टोपणाच्या वरच्या तोंडाला कड्यासाठी खोबण असते आणि ती कड्याच्या जाडीपेक्षा खोल असते. माथा खोबणीच्या काठावर बसतो आणि कडं आत मोकळं राहतं. कडं खोबणीत ठेवून काठावरून नख फिरवा. नख कड्याला किंचित अडलं पाहिजे. काठावरून सरळ पुढे गेलं तर कडं बुडालंय.

दोन्हींवर उपाय एकच, पातळ वायसर. तो एक्स-रे फिल्मचा करावा. फिल्म साधारण ०.२ मिलिमीटर जाड असते, भिजत नाही, कुजत नाही आणि दाबाखाली चपटी होत नाही. कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा वायसर करू नका. शाईची वाफ आणि आपल्याकडचा पावसाळा मिळून तो महिन्याभरात लगदा करतात. मधलं भोक कात्रीने नीट पडत नाही. त्यासाठी चामड्याला भोकं पाडायचा पंच हवा, आणि कोल्हापुरात तो मिळायला अडचण नाही. चपलांचं काम चालतं तिथे सगळ्या मापांचे पंच असतात. आधी भोक पाडा, मग त्याभोवती गोल कापा. उलट क्रमाने केलं तर भोक हमखास एका बाजूला सरकतं. बाहेरचा व्यास माथ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा म्हणजे वायसर बाहेर डोकावणार नाही.

वायसर कड्याच्या खाली, टोपणाच्या बाजूला ठेवा. एकाने भागतं का बघा, मगच दुसरा घाला. कडं काठाच्या वर फक्त ०.०५ ते ०.१ मिलिमीटर आलं की पुरे. त्याहून जास्त आलं तर माथा तिरपा बसतो आणि खुंटीवर एका बाजूने ताण येतो.

माथा किती आवळायचा?

बोटांनी लागेल तेवढा, त्यापुढे ट्यूब धरून वर्तुळाचा आठवा हिस्सा. तिथे थांबा. आवळताना क्लिपही सोबत फिरते, म्हणून तिला हव्या जागेच्या जरा मागे धरून सुरुवात करा.

लाखच का? सुपरग्लू जास्त घट्ट धरतो ना?

जास्त धरतो, आणि तेच नको आहे. टोपण पुन्हा कधीतरी उघडावं लागणारच. लाख ऊब मिळाली की सोडते, सुपरग्लू सोडत नाही. शिवाय तो सुकताना निघणाऱ्या वाफेने आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर येतो, आणि सुकलेला गोंद ठिसूळ असल्याने क्लिपच्या रोजच्या झटक्यांनी शेवटी तडकतोच. यंत्रांच्या बोल्टला लावतात तो आटे जाम करणारा द्रवही नको. धातूवर तो उत्तम आहे, पण अ‍ॅक्रिलिकला त्याने भेगा पडतात.

लाख आपल्याला परकी नाही. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत भरतात ती लाखच. आपल्याला हवी ती चपडा लाख, पातळ पापुद्र्यांची, लाकडाच्या पॉलिशला वापरतात ती. रंगांच्या दुकानात मिळते.

लाखेचं प्रमाण काय?

१० ग्रॅम चपडा लाख ३० मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये, झाकणाच्या काचेच्या बाटलीत रात्रभर. सकाळी हलवा, मधासारखी दिसली पाहिजे. बाटलीवर तारीख लिहा. सहा महिन्यांपेक्षा जुनी लाख वापरू नका. ती वरून सुकल्यासारखी वाटते पण आतून चिकटच राहते. टाचणीच्या डोक्याएवढा एक थेंब फक्त खुंटीच्या आट्यांवर लावा, कड्यावर नाही. रात्रभर तसंच राहू द्या. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकला लाखही लावू नका, वायसर नीट असेल तर तिथे तिची गरजच पडत नाही.

माझी क्लिप खाचेत बसणारी आहे. तीही अशीच दुरुस्त होते का?

नाही, तिथे वाट अवघड आहे. दात आवळायचे तर आतलं टोपण बाहेर काढावं लागतं. ते दाबून बसवलेलं असतं आणि त्यासाठी आत जाऊन फुगणारं खास हत्यार लागतं. पेचकस घालून उचकटू नका. पेन बंद असताना निबभोवतीची हवा कोंडून ठेवायचं काम आतलं टोपण करतं. त्याला एक चीर गेली तरी निब रोज सकाळी कोरडी मिळेल. डुलणाऱ्या क्लिपपेक्षा तो त्रास कितीतरी मोठा.

डुलणं थोडंसं असेल तर ०.१ मिलिमीटरच्या पितळी पत्र्याची क्लिपच्या जाडीएवढी अरुंद पट्टी कापून खाचेत क्लिपच्या एका बाजूला सरकवा आणि टोकाला लाखेचा थेंब द्या. पत्र्याच्या कडा आधी पॉलिश पेपरवर घासून घ्या, नाहीतर तीच खाच आणखी कोरेल.

क्लिप घट्ट आहे, पण पेन खिशातून घसरतं.

जाड कापडावर लावल्याने क्लिप ताणली जाते. वकिलांचा कोट, जीनचा खिसा, दप्तराचा जाड पट्टा ही नेहमीची कारणं. टोपण आणि क्लिपच्या टोकाची गोळी यांच्यात कागदाची एक पट्टी घाला. टोपण आडवं धरल्यावर पट्टी पडू नये, पण ओढली तर जराशी अडत निघावी. एवढा ताण शर्टाच्या खिशाला पुरतो.

ताण द्यायचा तर क्लिप टोपणावरून काढूनच द्या. कड्याजवळचा भाग कापड गुंडाळलेल्या पकडीत धरा आणि क्लिप बुडाशी, गोळी एका वेळी मिलिमीटरभर सरकेल एवढीच आत वळवा, मग बसवून बघा. पितळी क्लिप वळवली तिथेच राहते. स्टीलची परत फिरते, म्हणून तिला थोडं जास्त वळवावं लागतं. पितळ पुन्हापुन्हा मागे-पुढे वाकवलं की कडक होत जातं आणि एके दिवशी बुडाशी बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे चीर. त्यानंतर ती क्लिप वाकवू नका. ताण परत आणायला क्लिप तापवणं ही सर्रास होणारी चूक आहे. तापवलेलं पितळ मऊ पडतं आणि उरलासुरला ताणही जातो.

कडं तुटलं तर गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, डाख देऊन (वितळलेल्या धातूने सांधून) मिळेल का?

मिळेल, आणि एवढं बारीक काम सराफी कारागिराइतकं नीट कुणी करणार नाही. पण क्लिप टोपणापासून सुटी करूनच न्या. चांदीचा डाख ६०० अंशांच्या वर वितळतो, म्हणजे सांधा पक्का होतो पण क्लिप मऊ पडते. डाख झाल्यावर गुळगुळीत हातोडीने क्लिपच्या मधल्या भागावर हलके ठोके द्यायला सांगा. पितळ आणि चांदी ठोकूनच पुन्हा कडक होतात. कथलाचा डाख कमी उष्णतेत होतो, पण एवढ्याशा सांध्यात तो टिकत नाही. मुलामा गेलेला असतोच, तो नंतर पुन्हा चढवून घ्यावा लागेल.

चांदीच्या कामाच्या हुपरी गावात चांदीची क्लिप करून घ्यायची असेल तर?

शुद्ध चांदी नको, ती वाकते ती वाकलेलीच राहते. ९२.५ टक्के चांदी घ्या, पत्रा ठोकून कडक केलेला असू द्या आणि नमुना म्हणून जुनं कडं सोबत द्या.

क्लिप हरवली. नवी कशी निवडायची?

क्लिपच्या लांबीआधी कड्याच्या भोकाचं माप बघा. माथ्याची खुंटी व्हर्नियरने मोजा. कड्याचं भोक तिच्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर मोठं हवं. लहान असेल तर गोल कानशीने घरीही वाढवता येतं. मोठं असेल तर मधे पितळी बुश लागतो, आणि तो कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एखाद्या लेथवर कातून घेता येतो. जाताना तोंडी माप सांगू नका, माथा आणि क्लिप दोन्ही घेऊन जा. मोठे भाग कातणाऱ्या कारागिरालाही हातात वस्तू असली की नेमकं काय हवंय ते लगेच कळतं.

पार्कर ५१ सारख्या धातूच्या टोपणाचं काय?

१९४१ मध्ये बाजारात आलेल्या या पेनाच्या टोपणाच्या टोकाला जो मणी दिसतो तो फिरून निघतो. ट्यूबच्या तुकड्याने तो आवळून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. मण्याखालचा बुश ढिला असेल तर त्याला बरोबर मापाचं हत्यार लागतं. टोकदार पकडीने केलेला प्रयत्न बुशाच्या कडा खातो.

पावसाळ्यात क्लिपच्या बुडाशी गंज येतो. क्लिप त्यामुळे सैल होते का?

होते. मुलाम्याखाली स्टील असेल तर गंज कड्याखाली सुरू होतो, फुगतो आणि माथा वर उचलतो. पुढे तो गळून गेला की मधे पोकळी राहते. जून ते सप्टेंबर भिजलेल्या शर्टाच्या खिशात पेन ठेवलं असेल तर घरी आल्यावर क्लिपचं बूड कोरड्या कापडाने पुसा. गंज आलाच तर क्लिप सुटी करा, अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून क्रोमवर हलक्या हाताने घासा, पुसा, पूर्ण सुकवा आणि मेणाचा पातळ हात द्या. सोनेरी मुलाम्याला मात्र फॉइल, चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यातलं काहीही नको. तो थर इतका पातळ असतो की दोन-तीनदा घासला की खालचं पितळ उघडं पडतं. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही लांब ठेवा. ताणाखाली असलेल्या पितळाला त्याने चिरा जातात.

माथ्याला किंवा टोपणाच्या तोंडाला तडा गेलाय. क्लिप बसवू का?

नाही. कड्याचा दाब तड्याला रोज थोडा थोडा उघडत नेईल. क्लिप काढून ठेवा आणि कड्याच्या जागी एक्स-रे फिल्मचे तेवढ्याच जाडीचे वायसर घालून माथा हलक्या हाताने बसवा. मधली जागा रिकामी सोडलीत तर हवा आत जाऊन निब सुकते. असं पेन टेबलावर वापरता येतं, खिशात नको. एबोनाइटचा माथा लेथवर नवा कातून मिळतो. मात्र जुना माथा तुकडे झाले तरी टाकू नका, कारण आट्यांचं माप त्याच्याच खुंटीवरून घ्यायचं असतं.